शहराकडे रोखलेली अँटेना

गेल्या आठवड्यात ग्लेन दारात आला. ग्लेन म्हणजे आमच्या उजव्या हाताच्या घरातला शेजारी. उंच, लालबुंद, कायम टोपी घातलेला. हल्ली टी.व्ही.च्या पडद्यावर खाली सारखी एक पट्टी सरकत असते. जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण पुढच्या वर्षी बंद होणार, नवा डबा घ्या, अँटेना बघून घ्या. ज्याच्यात्याच्या तोंडी हाच विषय आहे. दसऱ्याला जमलेल्या मंडळींतही तेच. कुणी केबल कॅन्सल केलंय, कुणी करणार आहे, कुणी इंटरनेटवरून सिनेमे ओढून टी.व्ही.वर दाखवणारी वडीएवढी नवी डबी आणलीय. ग्लेनही त्याच कामाला आला होता.

"शेखर आहे का? त्याला विचारायचं होतं, कुठली अँटेना घेऊ आणि कुठल्या दिशेला लावू." मग टोपी मागे सारत हसला. "तुमची ती पहिली अँटेना मला चांगली आठवते."

मीही हसले. शेखर संध्याकाळी भेटेल म्हणाले, दार लावलं आणि दाराच्या आतच उभी राहिले. चांगली आठवते म्हणजे काय? सहा वर्षांपूर्वीची, शेजाऱ्याच्या छपरावरची एक अँटेना माणसाला कशाला आठवेल?

बाहेर मेपल पेटलं होतं. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमधला ऑक्टोबर खरं तर फार देखणा. रस्त्याच्या दोन्ही कडांनी लाल-पिवळी झाडं, कागदी पिशव्यांत भरून ठेवलेली पानं, कुठेतरी लाकूड जळल्याचा वास, आणि डोक्यावरून ओरडत जाणारे बदकांचे थवे. येणारे पाहुणे फोटो काढून थकतात. माझं मात्र या दिवसांत एक होतं. घरासमोर एखादी गाडी हळू झाली की हातातलं काम थांबतं. गाडी पुढे जाईपर्यंत मी खिडकीशी असते. दोन हजार दोनच्या पानगळीने लावलेली ही सवय आहे, आणि ती अजून सुटलेली नाही.

त्या वर्षी शेखरने केबल बंद केलं. इतकी चॅनेल्स आणि बघण्यासारखं काही नाही, हे तो दर रविवारी म्हणायचा. पण खरं कारण वेगळं होतं. नागपूरच्या या मुलाला काहीतरी स्वतःच्या हाताने जोडल्याशिवाय चैन पडत नाही. त्याने एक जुना कॉम्प्युटर उघडला, त्यात टी.व्ही.चा सिग्नल घेणारं कार्ड बसवलं, मोठी डिस्क घातली आणि ते सगळं टी.व्ही.ला जोडलं. छपरावरची अँटेना हवेतून कार्यक्रम पकडणार आणि हा डबा ते साठवून ठेवणार. नको ती जाहिरात पुढे ढकलता येते, चालू कार्यक्रम मध्येच थांबवून फोन घेता येतो. आज हे सगळ्यांकडे आहे. तेव्हा आमच्या ओळखीत कुणाकडेच नव्हतं, आणि शेखर त्या डब्याकडे नव्या बाळाकडे बघावं तसा बघायचा.

मला मात्र तो डबा पहिल्यापासून आवडला नाही. एकतर तो घुमायचा. घरात कुणी नसताना आपला आपण सुरू व्हायचा, निळा दिवा लागायचा, आत काहीतरी खरखरायचं. शेखरने त्याला काही शब्द सांगून ठेवले होते. पूल, धरण, बोगदा, इमारत. ज्या कार्यक्रमाच्या वर्णनात हे शब्द येतील तो डबा आपसूक रेकॉर्ड करायचा. संध्याकाळी यादी उघडावी तर कुणीही न मागितलेले कार्यक्रम रांगेत बसलेले. मी म्हणायचे, "याला आपल्याबद्दल फार माहिती आहे." शेखर हसायचा. "अगं, मीच सांगितलंय ना त्याला."

अँटेना बसवली तो दिवस छान गेला. प्रसाद आणि मेधा आले होते. प्रसाद शेखरच्या ऑफिसमधला, पुण्याचा. इथे आल्यापासून आमचे सगळे सणवार त्या दोघांबरोबरच व्हायचे. त्याच्याकडे लांब शिडी होती, ती तो व्हॅनला बांधून घेऊन आला. अँटेना म्हणजे माशाचा सांगाडाच. मधे लांब काटा आणि दोन्ही बाजूंना आडव्या काड्या. शेखर ती घेऊन छपरावर चढला, प्रसाद शिडीशी, मी दारात, मेधा आत टी.व्ही.समोर, आणि आमची आठ वर्षांची ऋता दोघींच्या मधे निरोप्या म्हणून धावतेय.

"आलं का?"

"मुंग्या आल्यात!"

"आता?"

"गेलं! मघाचंच बरं होतं!"

लहानपणी मिरजेला आमच्या कौलांवर अशीच अँटेना होती. तिच्यावर कावळा बसला की चित्र जायचं. भाऊ वर, मी अंगणात, आजूबाजूच्या दोन-तीन घरांतली माणसं आत पाटावर. तो आरडाओरडा इतक्या वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे पुन्हा करताना आम्हाला इतकं हसू येत होतं की शेखर छपरावर बसकण मारून हसत होता. अखेर चित्र लागलं. लख्ख, केबलपेक्षाही स्वच्छ. शिकागोच्या सगळ्या वाहिन्यांचे प्रक्षेपक शहराच्या मध्यभागी सगळ्यात उंच इमारतींच्या माथ्यावर आहेत. आमच्या घरापासून ती दिशा पूर्वेची. अँटेनेचं टोक बरोबर तिकडे वळवलं की झालं.

आम्ही काय करत होतो ते आम्हाला माहीत होतं. रस्त्यावरून ते कसं दिसत होतं, हा विचार चौघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. आदल्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये जे घडलं त्याला जेमतेम वर्ष झालेलं. सावळ्या रंगाची तीन-चार माणसं, न कळणाऱ्या भाषेत छपरावरून ओरडताहेत, आणि धातूचं काहीतरी शहरातल्या सर्वांत उंच इमारतीकडे वळवताहेत.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी चकल्या तळत होते. एक्झॉस्ट फॅन चालू, त्यामुळे बेल मला ऐकूच आली नाही. ऋता स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, देअर्स अ पोलिसमन. ही वॉन्ट्स डॅडी."

मी गॅस बंद केला. हाताला पीठ तसंच. दारात तरुण पोलीस उभा होता, ऋताच्या शाळेत सुरक्षेचं भाषण द्यायला येतात त्यांच्यासारखा. स्वर अगदी सभ्य. "त्रास देतोय, माफ करा. कुणीतरी फोन केला होता. तुमच्या छपरावर उपकरण आहे आणि ते शहराच्या दिशेने आहे, असं सांगितलं." इंग्रजीत त्याने 'पॉइंटेड' हा जो शब्द वापरला त्याचे दोन अर्थ होतात. मराठीत ते दोन वेगळे शब्द आहेत. एक वळवलेलं, दुसरा रोखलेलं. त्याच्या मनात कुठला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

शेखर पुढे आला. घाबरला असता तर बरं झालं असतं. त्याला उलट आनंद झाला, की अखेर कुणीतरी अँटेनेबद्दल विचारायला आलं! त्याने पोलिसाला आत बोलावलं, डबा दाखवला आणि टेबलावरचा नकाशा उघडला. कॉम्प्युटरवरून छापलेला नकाशा. त्यावर आमच्या घरापासून शिकागोतल्या त्या इमारतीपर्यंत लाल पेनने सरळ रेघ ओढलेली.

"ही रेघ तुम्ही काढलीत?" पोलिसाने विचारलं.

"हो, हो! हा बघा, कोन बरोबर जमला पाहिजे. ही सगळ्यात उंच इमारत ना, तिला नेमकं धरलं की बाकी काही बघायला नको."

मी शेखरच्या पाठीमागे उभी होते. त्याच्या तोंडून निघालेलं एकेक वाक्य मला त्या पोलिसाच्या कानांनी ऐकू येत होतं. शेवटी मी मधेच म्हणाले, "टी.व्ही. लावून दाखव ना त्यांना." चित्र लागलं. अमेरिकन फुटबॉलची मॅच चालू होती. पोलीस क्षणभर मॅच बघत राहिला. "पिक्चर चांगलं आहे," म्हणाला. मग आमची नावं विचारून लिहून घेतली, आडनावाचं स्पेलिंग दोनदा विचारलं, नोकरी कुठे ते विचारलं. किती वर्षं इथे आहात? कुठल्या व्हिसावर? मी पाणी विचारलं, तो नको म्हणाला. जाताना गाडीशी थांबून त्याने मान वर करून छपराकडे पुन्हा पाहिलं. समोरच्या घराचा पडदा तेव्हा हलल्यासारखा मला वाटला.

"बघ, काही झालं नाही," शेखर म्हणाला. "समजूतदार होता." पण तो खुर्चीत बसला तो उठेचना. मी चकल्यांचा घाणा तसाच टाकून त्याच्याजवळ गेले, तेव्हा तो डब्यातली यादी बघत होता. इमारत हा शब्द सांगून ठेवला होता ना? जुन्या इमारती सुरुंग लावून कशा पाडतात, त्यावरचा माहितीपट त्या डब्याने आपल्या हुशारीने रेकॉर्ड केला होता. त्याच्याखाली पुलांच्या कमकुवत जागांवरचा आणखी एक.

"त्याने यादी उघडायला सांगितली असती तर?" शेखर म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने डिस्क पुसली. दोनच कार्यक्रम नाहीत, सगळी डिस्क. एवढंच पुसलं तर मुद्दाम पुसल्यासारखं दिसेल, असं म्हणाला. कुणाला दिसेल, हे त्यालाही सांगता येईना. ऋताची कार्टून्स त्यात गेली. तिने आधी रडून घेतलं आणि मग आमच्या दोघांकडे बघत विचारलं, "बट वी डिडन्ट डू एनीथिंग बॅड, राइट?"

"नाही गं राणी."

"देन व्हाय डिड डॅडी इरेज इट?"

  आजवर ऋताने मला हजारो प्रश्न विचारले असतील, त्यांतला हा एक माझ्याकडे तसाच पडून आहे.

दुसऱ्या दिवशी प्रसादचा फोन आला. मेधाला मीच सांगितलं होतं. "अरे यार, ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे ना तुझं? उतरव ते खाली आधी. फाइलमध्ये एक शेरा पडला तर सगळं संपेल. वर्षानुवर्षांची मेहनत आहे." शेखर "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत राहिला. सोमवारी अंधार पडण्याच्या सुमाराला, लोक जेवायला बसले असताना, त्याने खिडकीतून गॅरेजच्या छपरावर उतरून कशीबशी अँटेना खाली ओढली. मग ती माळ्यावर नेली आणि तुळयांवर आडवी ठेवली, नाताळची झाडं आणि जुनी खेळणी ठेवतात तिथे. लाकडातून, पत्र्यातून थोडाफार सिग्नल यायचा. वारा सुटला की चित्रावर मुंग्या यायच्या किंवा आवाज जायचा. आम्ही तसंच बघत बसायचो. 

नंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत, तुकडे आठवतात. फोन उचलला की आधी एक बारीक टक असा आवाज. तो पूर्वीही यायचा का? टपाल एक दिवस उशिरा आलं. कोपऱ्यावर पांढरी व्हॅन दुपारभर उभी. लायब्ररीत पुस्तकं देताना त्या बाईने माझं कार्ड नेहमीपेक्षा जास्त वेळ धरलं, की तिचा चष्मा बदलला होता? ऋताला बसस्टॉपवर सोडायला गेले की तिथल्या आया गप्प व्हायच्या. त्या आधीही माझ्याशी फार कुठे बोलायच्या? पण आता त्या न बोलण्यालाही वास येत होता. माणूस एकदा शोधायला लागला की त्याला सापडत जातं. सापडलेलं खरं की खोटं, हे ठरवायला दुसरा कुणी लागतो, आणि आम्ही कुणाला विचारत नव्हतो.

दिवाळीला दरवर्षी आमच्याकडे घर भरायचं. त्या वर्षी कुणाला सर्दी झाली, कुणाला अचानक ट्रिपवर जावं लागलं. प्रसाद-मेधा आले, पण त्यांची व्हॅन दारात दिसेना. ऋता सहज म्हणाली, "प्रसादकाका, डिड यू वॉक?" मेधाने फराळाच्या ताटात मान घातली. व्हॅन त्यांनी मागच्या गल्लीत लावली होती. मी चिवडा वाढत राहिले. ताटात जरा जास्तच वाढलं गेलं असणार, कारण मेधा दोन्ही हात आडवे करून "पुरे, पुरे" म्हणत होती. त्या माणसांवर माझा जीव होता. त्यांच्याही फाइली कुठल्यातरी टेबलावर पडून होत्या, हे मला समजत होतं. समजत होतं म्हणून लागायचं काही राहिलं नाही.

फोन कुणी केला असेल? मी एकेका घरावरून मन फिरवायचे. केबल बंद करायला आलेला तंत्रज्ञ, त्याने तो उघडा कॉम्प्युटर आणि वायरींचा गुंता पाहिला होता. ग्लेन, जो पानं उडवायचं यंत्र खांद्याला लावून रोज हात हलवायचा आणि ज्याच्याशी "काय कसं काय"च्या पलीकडे आमचं कधी बोलणं झालं नव्हतं. पण मनाचा काटा थांबायचा तो समोरच्या घरावर. डॉरथीवर.

डॉरथी एकटी राहायची. सत्तरीची असेल. पोर्चवर झेंडा, खिडकीशी खुर्ची, आणि त्या खुर्चीतून सरळ रेषेत आमचं छप्पर. उन्हाळ्यात तिने आम्हाला तिच्या बागेतले टोमॅटो दिले होते. सप्टेंबरपासून तिने काही दिलं नव्हतं. टोमॅटो संपले होते म्हणून, हे कारण मला सुचतच नव्हतं.

नोव्हेंबरात पहिलं बर्फ पडलं, पातळ, पिठूळ. सकाळी शेखर आणि ऋता गेल्यावर मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले. समोर डॉरथी झाडूने पायऱ्या साफ करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी घरातल्या सपाता घालूनच रस्ता ओलांडला.

"डॉरथी, एक विचारायचं आहे. आमच्याबद्दल पोलिसांना फोन तुम्ही केलात का?"

तिने झाडू भिंतीला टेकवला. "नाही," म्हणाली. मग झाडू पुन्हा हातात घेत म्हणाली, "करणार होते."

 ती नुसतं नाही म्हणाली असती तर मी मनात म्हटलं असतं, खोटं बोलतेय. हो म्हणाली असती तर निदान शोध संपला असता. हे दोन्हींच्या मधलं मी धरून आलेच नव्हते.

"फोन हातात घेतला होता," ती म्हणाली. "मग वाटलं, समोरच तर राहतात, जाऊन विचारावं. मग तेही केलं नाही. मग एक दिवस पोलिसांची गाडी दिसली. म्हटलं, बरं झालं, कुणीतरी केला." तिचे डोळे थंडीने पाणावले होते किंवा कशाने. "तुम्हाला हे ऐकून वाईट वाटलं असेल."

"वाटलं," मी म्हणाले. माझे पाय सपातांत गोठायला लागले होते. "पण आता विचारायला या. संध्याकाळी या. काय आहे ते बघा."

शेखर माझ्यावर भडकला. "घरात कशाला बोलावलंस? आता ती काय बघेल, काय सांगेल कुणाला!" मी म्हटलं, "तिने बघितलं नाही म्हणून तर हे झालं." तो धुसफुसत राहिला, पण तिच्या येण्याच्या वेळेला त्याने बैठकीतल्या वायरी गुंडाळून नीट बांधून ठेवल्या.

डॉरथी लिपस्टिक लावून आली होती. दारात वाकून बूट काढले. हे मला सांगावं लागलं नाही, आमच्या दारातले जोडे तिने लांबूनच पाहिले असणार. ती सोफ्याच्या कडेला बसली, पर्स मांडीवर घट्ट. शेखर समजावून सांगायला लागला, पण त्याचा पूर्वीचा उत्साह गेला होता. प्रत्येक शब्द तपासून बाहेर काढत होता. शेवटी ऋतानेच रिमोट घेतला. "लुक, यू कॅन पॉज इट." बातम्या चालू होत्या. निवेदिकेचं तोंड उघडंच राहिलं, हात हवेत.

"हे आत्ता चाललेलं आहे ना?" डॉरथीने विचारलं. "चालू असलेलं असं थांबवता येतं?"

"येस. अँड देन इट वेट्स फॉर यू."

डॉरथी त्या थांबलेल्या बाईकडे पाहत राहिली. "गेल्या वर्षी सप्टेंबरात मी माझ्या खुर्चीतून उठतच नव्हते," ती ऋताला नाही, शेखरलाही नाही, टी.व्ही.ला म्हणाली. "तेच परत परत दाखवत होते. मला बंद करता येईना. जेवतानाही चालू, झोपतानाही चालू. नंतर ते दाखवायचं थांबले, पण मी बाहेर बघायला लागले. प्रत्येक गाडी, प्रत्येक माणूस." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमची अँटेना दिसली तेव्हा मला खरंच भीती वाटली होती. तुम्ही ती का काढलीत?"

"आम्हालाही भीती वाटली," मी म्हणाले.

यावर आम्ही गळ्यात पडलो वगैरे काही नाही. तिने चकली घेतली, एक तुकडा तोडला आणि बाकीची पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकली. घरी जाऊन खाल्ली की टाकली, मला माहीत नाही. आजही मला वाटतं, टाकली असेल. पण त्या दिवसानंतर रस्त्यावर तिच्याशी बोलताना मला जेवढं मोकळं वाटायचं तेवढं गोड हसणाऱ्यांशी बोलताना वाटलं नाही. तिच्या मनात काय आलं होतं, ते तिने सांगून टाकलं होतं. बाकीच्यांचं मला हसण्यावरून ओळखायचं होतं.

पुढे ती बहिणीकडे अॅरिझोनाला गेली, घर विकून. आमचं ग्रीन कार्ड यायचं तेव्हा आलं. फाइलमध्ये शेरा होता की नव्हता, कुणी सांगितलं नाही. प्रसाद-मेधा अजून येतात, गाडी दारात लावतात. त्या गल्लीचा विषय आम्ही कधी काढला नाही. काही गोष्टी काढायच्या नसतात म्हणून नव्हे. काढायला गेलं तर चार-दोन वाक्यांत संपतील, आणि इतकी वर्षं जे मनात धरलं ते एवढंसंच होतं, हे मेधाला आणि मला, दोघींनाही सोसणार नाही, म्हणून.

पण ती पानगळ माझ्यासाठी संपली ती थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी. माळ्यावरच्या अँटेनेवरून आमचं आधीच वाजलं होतं. चित्र पुन्हा फुटत होतं, आणि मी शेखरला म्हटलं होतं, "एक तर केबल परत घे, नाहीतर छपरावर लाव. माळ्यावर लपवून टी.व्ही. बघायचा नाही मला. ऋता बघतेय आपल्याकडे." तो म्हणाला, "ग्रीन कार्ड येऊ दे." मी म्हटलं, "कायदा मोडलाय का आपण? नाही ना? मग दिवसाढवळ्या लाव. सगळे बघत असताना लाव." त्याने प्रसादला शिडीसाठी फोन केला. शिडी नेमकी कुणाला तरी दिलेली होती.

त्या रविवारी ऊन पडलं होतं, बर्फ वितळून छपरं कोरडी झाली होती. थँक्सगिव्हिंग झालं की इथले लोक नाताळची रोषणाई लावायला काढतात. आमच्या रस्त्यावर घरोघरी पुरुष शिड्यांवर चढले होते. दिव्यांच्या माळा खांद्यावर, तोंडात खिळे, खाली बायका "जरा उजवीकडे" म्हणताहेत, मुलं वायरी सोडवताहेत. शेखर अँटेना घेऊन अंगणात आला. मला वाटलं, आता सगळे थांबतील, वळून बघतील. कुणी थांबलं नाही. समोरच्या ओळीतल्या शिडीवरच्या एकाने हात हलवला. पलीकडच्याने हलवला. शेखरनेही प्रत्येकाला हात केला. मी मात्र एकेक हात बघत होते. यांच्यातल्याच एका हाताने फोन उचलला होता, नंबर फिरवला होता. तो हातही आत्ता हलत असणार.

"शिडी हवीय का?" कुंपणापलीकडून आवाज आला. ग्लेन. त्याची माळ लावून झाली होती. उत्तराची वाट न पाहता तो लांबलचक अॅल्युमिनियमची शिडी उचलून आमच्या हिरवळीवर आला आणि त्याने ती भिंतीला लावली. शेखर माझ्याकडे बघत थबकला. मग त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"मी धरतो," ग्लेन म्हणाला.

"नको, थँक यू," मी म्हणाले. "मी धरते."

ग्लेन खांदे उडवून बाजूला झाला आणि खिशात हात घालून वर बघत राहिला. चांगली जड शिडी होती, पाय मातीत नीट रुतलेले. शेखर चढला, अँटेना बसवली, पूर्वेला वळवली, खिळे ठोकले. ऋता घरातून ओरडून काहीतरी सांगत होती. शिडी जराही हलत नव्हती. शेखरचा पाय हिरवळीला लागेपर्यंत मी दोन्ही हातांनी ती घट्ट धरून होते, आणि सबंध वेळ शेखरकडे नाही, ग्लेनकडे बघत होते.